बायनाबाईच्या पोटातलं पाणी

आमच्या गावचा माणूस चंद्रपूरच्या दवाखान्यात भरती झाला की त्याचा डबा माझ्या घरून जातो. असं कोणी ठरवून दिलेलं नाही. गाव सावलीकडचं, मी तिथली लेक, लग्न करून इकडे आले, आणि ट्रस्टचा दवाखाना आमच्या क्वार्टरपासून हाकेच्या अंतरावर. माणूस बैलगाडीत किंवा एसटीत घालताना गावकरी सांगतात, "कांता हाय तिथी. तिच्या घरी निरोप द्या." मग निरोप येतो आणि मी तांदूळ वाढवून टाकते.

सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात असाच सोमाजी ढीवर दारात उभा राहिला. अंगात घामेजलेली बंडी, पायात चप्पल नाही. म्हणाला, "बाई, बायनाबाईले आनलं. लघवी बंद झाली तिची. अंग फुगलं. मी चाललो वापस, तलावाचं पाणी आटून राह्यलं, मासोळी काढाची हाय." पाणी प्यायला, आणि गेलासुद्धा. बायनाबाईजवळ कोण थांबलंय हे विचारायची वेळच आली नाही. कारण थांबायला कोणी नव्हतंच.

बायनाबाई म्हणजे आमच्या गावची एकटी बाई. नवरा राजुऱ्याकडे कोळसा खाणीत कामाला म्हणून गेला, तिकडेच दुसरी करून बसला. मूल नाही. नवऱ्याच्या जागी ती मासेमारी सोसायटीची सभासद झाली आणि स्वतः जाळं फेकू लागली. ढिवरांच्या बाया मासोळी विकतात, जाळं पुरुषांनी फेकायचं अशी रीत. ही लुगड्याचा काष्टा मारून गुडघाभर पाण्यात उतरायची. पोरं काठावरून ओरडायची, "बायना, जाळ्यात नवरा सापडला का?" ती मागे न बघता म्हणायची, "सापडला होता, लहान होता म्हून सोडून देल्ला."

माझ्या आईकडे ती मासोळी द्यायला यायची तेव्हा टोपली उंच धरून वरूनच आमच्या ताटलीत टाकायची. आमची वस्ती नाल्याच्या पलीकडची. सगळ्यांना माहीत होतं, कोणी काही बोलत नव्हतं.

तर सकाळची बुद्धवंदना उरकून मी डबा घेऊन गेले. दवाखान्यात आशाबाई सिस्टर भेटल्या. नागपूरच्या, कोऱ्या कापडासारखी कडक बाई. म्हणाल्या, "तुम्ही नातेवाईक?"

मी म्हटलं, "गावची आहे."

"जवळचं कोणी?"

"गावचीच आहे," मी परत म्हटलं.

त्यांनी माझ्याकडून साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन घेतले, तोंडाला फडकं बांधायला लावलं, आणि टोकाच्या छोट्या खोलीत नेलं. तिथे बायनाबाई एकटी पडली होती. तोंड सुजून डोळे बारीक झाले होते. मला ओळखलं नाही. मग आवाजावरून ओळखलं.

"शांताबाईची पोरगी का व तू?"

"हो."

"तुह्या मायले सांग, बायना आता मासोळी आनत नाई." आणि हसायला गेली तर उलटीच आली.

झालं होतं ते असं. वर्षभरापासून तिला दिसेनासं झालं होतं. संध्याकाळी जाळ्याचं भोक दिसेना, माणूस जवळ आल्याशिवाय ओळखू येईना. ढिवरांत जुना समज आहे की मासोळीचं पित्त कच्चंच गिळलं तर डोळ्यांना तेज येतं. तिची आजी गिळायची, आई गिळायची, बोटाएवढ्या मासोळीचं, ज्वारीच्या दाण्याएवढं पित्त. पण सोसायटीने अलीकडे तलावात रोहू-कतल्याचं बी सोडलं होतं. त्या उन्हाळ्यात तिच्या जाळ्यात कतला सापडला तो लहान लेकराएवढा. बायनाबाईने विचार केला, एवढी मोठी मासोळी, तर गुणही मोठाच असणार. लिंबाएवढी हिरवी पिशवी तिने पाण्याच्या घोटाबरोबर गिळली. संध्याकाळपासून ओकाऱ्या आणि हगवण. ती थांबली तर लघवी थांबली. मग सूज. वैदूने काढा दिला, सावलीच्या डॉक्टरने सुई दिली, आणि शेवटी इथे.

डॉक्टर तरुण होते, चष्मा सारखा नाकावरून घसरायचा. मला बाहेर बोलावून म्हणाले, "मासोळीच्या पित्तात विष असतं. तिच्या किडन्यांनी काम सोडलंय. पण मेल्या नसाव्यात, झोपल्या असाव्यात. झोपल्या असतील तर काही दिवसांत उठतील. तोवर रक्तातली घाण पोटातून धुवून काढायची. हे पहिले दिवस निभावले तर बाई वाचेल."

"आणि उठल्या नाहीत तर?"

त्यांनी चष्मा वर ढकलला. "तर मग मी असं किती दिवस करू शकेन ते सांगता येत नाही."

दुपारी त्यांनी बेंबीखालचा भाग बधिर करून एक नळी आत घातली. खाटेला लागून सलाइनचा स्टँड, त्यावर पाण्याच्या बाटल्या. औषधाचं, साखरेचं पाणी. ते पोटात सोडायचं, काही वेळ आत राहू द्यायचं, मग चिमटा उघडायचा की ते खाली ठेवलेल्या कॅनमध्ये उतरायचं, रक्तातला मळ घेऊन. लगेच दुसरी बाटली. हे रात्रंदिवस. आशाबाईंनी मला शिकवलं की चिमट्याला हात लावायचा नाही, नळीला तर नाहीच. आत गेलं तेवढं बाहेर आलं नाही असं वाटलं तर तिला कुशीवर वळवायचं. "आणि बाहेर येणारं पाणी पेजेसारखं गढूळ दिसलं तर धावत या. त्याचा अर्थ आत पू होतोय. माणूस विषाने मरत नाही, मग त्याने मरतो."

तिला तोंडाने पाणी जवळजवळ बंद. चंद्रपूरचा मे महिना, खिडकीचा गजही हाताला चटके देई. ओल्या कापसाने ओठ पुसायचे, बस. बायनाबाई माझ्याकडे बघून म्हणाली, "पाह्य वं कांता, काय लोक हायेत. तोंडानं घोटभर देत नाईत, अन् पोटाले भोक पाडून बाटल्याच्या बाटल्या ओतून राह्यले."

"गुण येईल बायनाबाई."

"गुन येतेच. पित्तानं बी आला ना, पाह्य कसा आला."

डबा उघडला. बिनमिठाचं वरण, बिनमिठाचा भात. तिने पहिला घास घेतला, थांबली, माझ्याकडे बघितलं. मला कळलं की तिला काय आठवलं. मीही ताटलीकडे बघत राहिले.

"गावात सांगू नको," ती म्हणाली.

"काय?"

"का तुह्या हातचं खाल्लं म्हून." मग दुसरा घास घेत म्हणाली, "सांग नाई तं. बिनमिठाच्या वरनाले जात कुठची असते वं? चवच नाई तं जात कुठून येईन?"

मला हसू आलं. घरी येऊन हे गुणवंतरावांना, म्हणजे आमच्या ह्यांना, सांगितलं. ते लाकूड डेपोत कारकून, कमी बोलतात. म्हणाले, "उद्या वरणात लिंबू पिळ, डॉक्टर चालतं म्हणाले तर." डॉक्टर चालत नाही म्हणाले.

त्या खोलीत एका वेळी एकच माणूस जायचं, तेही हात धुऊन. बाहेरच्या वॉर्डात एकेका खाटेभोवती पाचपाच माणसं, डबे, पंखे, लेकरं. गावाकडे आजारी माणसाला एकटं ठेवत नाहीत. इथे ही बंद खोलीत. मला वाटायचं की हिला ते फार लागत असेल. उलटंच होतं, पण ते मला उशिरा कळलं.

पहिल्या धुण्यानंतर सूज थोडी उतरली, ओकाऱ्या थांबल्या. डॉक्टरांनी नळी काढली, रक्त तपासलं, वाट बघितली. लघवी नाही. रक्तातली घाण परत वाढली तेव्हा दुसऱ्यांदा भोक पाडून पुन्हा बाटल्या. ते संपल्यावरही पुन्हा वाट. रोज सकाळी आशाबाई खाटेजवळ येऊन पहिली विचारपूस तीच करायच्या, "बायनाबाई, झाली का?" बायनाबाई मान हलवायची. मग आशाबाई नाडी बघायच्या, पाय दाबून सूज बघायच्या, उशी सरळ करायच्या. डॉक्टर येऊन तेच विचारायचे. झाडणारा सुकलू खराटा टेकवून विचारायचा, "मावशी, झाली का?" सगळा दवाखाना तिच्या लघवीची वाट बघत होता. मीही वंदनेला बसले की मन तिथेच जायचं. सगळ्या प्राण्यांचं मंगल होवो म्हणताना ओठांवर येई की बायनाबाईला लघवी होवो. हसाल, पण तसंच होतं.

डॉक्टर म्हणाले, "परवा परत नळी घालावी लागेल. तिसऱ्यांदा. मला आता पू होण्याची भीती वाटते." चेहरा उतरला होता त्यांचा.

दुसऱ्या दिवशी मी सकाळी लवकर गेले. खाट रिकामी. नळी नसली की ती भिंत धरून थोडं चालायची, म्हणून मी मागच्या दाराने बाहेर पाहिलं. दवाखान्यामागे कडुनिंब आहे, त्याच्या आडोशाला बायनाबाई बसलेली. मी जवळ गेले तशी ती गडबडीने उठली. जमीन ओली होती. चांगली भरपूर ओली.

"बायनाबाई!"

"हळू बोल."

"कधीपासून?"

"काल सकारपासून. परवा बी थोडी झाली."

"मग सांगितलं का नाही? उद्या ते परत भोक पाडणार आहेत पोटाला!"

ती भिंतीला टेकली. श्वास लागला होता. म्हणाली, "तू रोज घरी जातं. तुह्या घरी मानूस हाय. माह्या घरी कोन हाय? ताटी लावली का संपलं. इथी सकारी उठल्याबरोबर चार जन येऊन इचारतात, झाली का, झाली का. कोन इचारते वं कोनाले येवढं? माह्या नवऱ्यानं बी कधी इचारलं नाई, जेवली का म्हून. झाली म्हटलं का इचारनं बंद. घरी धाडतीन."

मी म्हटलं, "पू झाला तर मरशील."

"मेली तं इथीच मरन. मानसात."

"मी सांगते सिस्टरला."

"सांग."

मी सांगायला निघालेही. मग थांबले. ती भिंतीशी इतकी लहान दिसत होती. मी म्हटलं, "मी आपण होऊन जात नाही. आज संध्याकाळपर्यंत तू सांग. पण मला कोणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. मी पंचशील घेतलेलं आहे."

"तुले कोन इचारते?" ती म्हणाली. आणि तेही खरं होतं.

दुपारी दवाखान्याच्या दारात एक जीप थांबली. अहेरीच्या अलीकडच्या जंगलातून एक माणूस बायकोला घेऊन आला होता. त्याचं नाव इसरू, तिचं बुधरी. बाळंत झाली, मूल गेलं, रक्त फार गेलं आणि तेव्हापासून लघवी बंद. विशीचीही नसेल. इसरूला मराठी तुटक यायची. तो दर वाक्याला "साहेब" म्हणायचा आणि पुढे काय म्हणायचं ते विसरायचा. तिला टोकाच्या खोलीतच आणलं, बायनाबाईच्या शेजारच्या खाटेवर, कारण ती एकच खोली त्या कामाची.

आशाबाई आणि डॉक्टर दोन्ही खाटांच्या मध्ये उभे राहून हळू बोलत होते. मी दाराशी होते. बाटल्यांची पेटी नागपूरहून यायची होती, ती आली नव्हती. कपाटात होत्या त्या एकाच माणसाला पुरतील एवढ्या. आशाबाई म्हणाल्या, "दोघींना अर्ध्या अर्ध्या?" डॉक्टर म्हणाले, "अर्ध्याने दोघींनाही उपयोग नाही." मग दोघांनी कपाटाकडे बघितलं. इसरू एकदा यांच्या तोंडाकडे, एकदा त्यांच्या तोंडाकडे बघत होता. त्याला शब्द कळले नसतील, पण कपाटाकडे गेलेली नजर कळली.

बायनाबाई पडल्या पडल्या म्हणाली, "माह्या नका ठेवू."

"बाई, तुम्ही बोलू नका," डॉक्टर म्हणाले. त्यांना वाटलं ती जीव द्यायला निघालीय.

"बोलू नका काय? मले होते लघवी. परवापासून होते."

आशाबाईंनी डोळे मोठे केले. "काय?"

"मांगं लिंबाखाली जातो मी. इचारा ह्या कांताले."

सगळे माझ्याकडे वळले. मी मान हलवली.

"भांडं आना, दाखोतो," बायनाबाई म्हणाली. "पर ह्या मानसाले बाहेर न्या, बापा."

इसरूला बाहेर नेलं, पडदा लावला, आशाबाईंनी भांडं दिलं. थोड्या वेळाने त्या भांडं दोन्ही हातांत धरून पडद्याबाहेर आल्या, देवळातला प्रसाद आणावा तशा, आणि डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर आधी हसले. चष्मा काढून डोळे पुसले. आणि मग असे काही भडकले की मी दोन पावलं मागे सरले.

"मी उद्या तिसरं भोक पाडणार होतो तुझ्या पोटाला! कळतं का तुला?"

"पाडा ना, बापा," बायनाबाई शांतपणे म्हणाली. "पाडतानी तं चार जन उभे राह्यतात भोवताल."

डॉक्टरांनी भांड्याकडे बघितलं, मग बुधरीकडे, आणि आशाबाईंना म्हणाले, "बाटल्या कोमट करायची गरज नाही, या उन्हात आहेतच. चला."

बुधरीला नळी घातली. बायनाबाईची खाट खोलीबाहेर, व्हरांड्यात काढली, पण ती हात धुऊन, फडकं बांधून परत आत येऊन बसायची. इसरू दारात उकिडवा बसलेला. बायनाबाई त्याला सांगायची, "घाबरू नको. पोट फुगते, मंग उतरते." हाताने पोट फुगवून दाखवायची. तो हसायचा नाही, पण बघायचा. बुधरीचं पाणी मध्ये एकदा पेजेसारखं झालं. ते बायनाबाईला दिसलं नाही, तिला दिसत कुठे होतं, पण इसरू उठून उभा राहिला आणि ती ओरडली, "सिस्टर!" मग बाटल्यांतच औषध घालून दिलं. पेटीही आली. बुधरी वाचली. तिची लघवी सुरू झाल्याचं इसरूने कोणाला सांगितलं असेल तर बायनाबाईला, हाताने, नळातून पाणी पडतं तसं दाखवून.

बायनाबाईचं रक्त हळूहळू ताळ्यावर आलं. डॉक्टर म्हणाले, पूर्ण बरी आहे, घरी जायला हरकत नाही. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, त्याला पित्त नाही, ऑपरेशन लागतं, शिबिर लागलं की ये. ती "हो" म्हणाली. निघायच्या दिवशी सुकलूने विचारलं, "मावशी, चालली?" तिने त्याच्याकडे बघितलं नाही.

मी तिला घेऊन गेले. एकटी पाठवणं जिवावर आलं. एसटीने मूलचा स्टँड, सावली, मग गाव. तिच्या झोपडीची ताटी कोणीतरी बांधून ठेवली होती. आम्ही आल्याचं कळलं तशा ढिवरपुऱ्यातल्या बाया जमल्या. पोटावरच्या खुणा बघायच्या होत्या सगळ्यांना. बायनाबाईने लुगडं सोडून दाखवल्या, बोट लावू दिलं. "येवढाल्या बाटल्या," ती हातांनी दाखवायची, दरवेळी बाटली मोठी व्हायची. कोणी म्हणालं, "अवं, मंग तुह्या पोटात मासोळ्या सोडाच्या होत्या!" हसून हसून सगळ्या वाकल्या. तीही हसली. मग एकीचं लेकरू रडायला लागलं, एकीची चूल पेटायची होती, एक एक करून उठल्या. झोपडीत आम्ही दोघी उरलो.

"रात्रभर राह्य ना," ती म्हणाली.

"ह्यांना सांगितलं नाही. फाट्यावरून शेवटची गाडी आहे."

"माह्या घरी राह्यनार होय तू? लोक काय म्हनतीन?"

"लोक काही म्हणोत. पण गाडी आहे."

"हो. गाडी हाय." तिने उठून लुगडं नीट केलं. "चल, पोचोतो तुले."

मी नको म्हणत होते, तिच्या पायांत अजून जोर नव्हता. ऐकेना. फाट्यापर्यंत आली, माझ्या दंडाला धरून, आणि वाटभर बोलत राहिली. आशाबाईंचं लग्न झालंय का, बुधरीला दुसरं मूल होईल का, डॉक्टरचा चष्मा का घसरतो. फाट्यावर पाचसात माणसं गाडीची वाट बघत होती, कोणी मूलकडे, कोणी गडचिरोलीकडे. एका म्हाताऱ्याने तिला विचारलं, "बरी झाली का व बायना?" ती म्हणाली, "झाली."

गाडी आली. मी चढले, खिडकीशी बसले. मला वाटलं ती आता वळून गावाकडे जाईल. उजेड अजून होता, वाट ओळखीची. गाडी हलली तेव्हा मी मान बाहेर काढून पाहिलं. गडचिरोलीच्या गाडीची वाट बघणारे लोक उरले होते. बायनाबाई त्यांच्यात जाऊन दगडावर बसली होती. एका बाईने सरकून जागा केली होती, आणि ती तिच्याकडे तोंड करून काहीतरी सांगायला लागली होती.